पहिल्या रांगेतले जांभळे पाय

आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. नवं गाव म्हणजे सरकारनं आखून दिलेले प्लॉट. शेत बुडालं तसे बाबा त्याच पाण्यावर मासे धरू लागले. जिथं आमचा धान पिकायचा, तिथंच जाळं टाकायचे. आई दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवण्याला जायची. कॉलेजला सुट्टी असली की मीही.

दिवसभर चिखलात उभं राहून धान रोवला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी सडते. दवाखान्यातली नर्सबाई त्यावर जांभळं औषध लावून देते. रोवण्याच्या दिवसांत आमच्या गावातल्या सगळ्या बायांचे पाय जांभळे असतात. त्याची लाज कुणाला वाटत नाही. मलाही वाटत नव्हती.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजला ग्रेड द्यायला बाहेरून समिती येणार होती. नळाला पाणी नव्हतं, पण गेटपासून हॉलपर्यंत कुंड्या आल्या. प्राचार्य वर्गात येऊन म्हणाले, "ग्रेड घसरला तर इथं कुलूप लागेल. मग तुमच्या बापांनी तुम्हाला नागपूरला शिकवून दाखवावं." आमच्या गावाहून एसटीनं जाता येईल असं हे एकच कॉलेज. कुलूप म्हणजे काय, ते आम्हाला समजत होतं.

समितीच्या दिवशी प्राचार्य स्वतः गेटवर उभे होते. एकेकाला वरून खालपर्यंत बघत होते. माझ्यापाशी थांबले.

"हे काय लावलं?"

"चिखल्या झाल्या, सर."

"बूट नाहीत?"

"बुटात पाय जात नाही, सर."

त्यांनी रुमाल नाकाला लावला. वास येत असेल. सडल्या कातडीला वास येतोच.

"असे पाय घेऊन कॉलेजचा ग्रेड तुडवायला आली का? ओळखपत्र दे इकडे. आणि जा मागच्या खोलीत. आवाज नको."

मागची खोली म्हणजे मोडक्या बाकांची खोली. तिथं आधीच माझ्यासारख्या काही जणी होत्या. आम्ही आत गेलो आणि बाहेरून कडी लागली.

"आपण का चोर हाओत का वो?" एकजण म्हणाली.

"चोराले तं ठाण्यात चहा पाजतेत."

हसलो. मग गाड्या आल्याचा आवाज आला, आणि हसू गेलं.

हॉल भिंतीपलीकडेच होता. माईक चालू झाला. एक मुलगी इंग्रजीत बोलू लागली. आवाज ओळखीचा नव्हता. नंतर कळलं, ती आमच्या संस्थेच्या नागपूरच्या कॉलेजातून आणलेली. ती म्हणत होती, माझं गाव धरणात बुडालं. माझे वडील मासे पकडतात. आई धान रोवते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली.

एवढं इंग्रजी मला येत होतं.

हे मी बोलले होते. वक्तृत्व स्पर्धेत, त्याच हॉलमध्ये, मराठीत. प्राचार्यांनी तेव्हा पाठ थोपटली होती. आता टाळ्या वाजत होत्या आणि मी कोंडलेली होते. माझा बाप त्यांना हवा होता. माझे पाय नको होते.

खिडकीला गज नव्हते. मी उडी मारली. खाली चिखल. तशीच हॉलमध्ये गेले. नव्या गालिच्यावर माझी पावलं उमटत गेली.

"हिनं सांगितले ते बाबा माझे आहेत," मी म्हणाले. "तिच्या गळ्यातलं ओळखपत्रही माझं आहे."

त्या मुलीनं ओळखपत्र ओढणीखाली सरकवलं. प्राचार्य पांढरे पडले. मी समितीच्या अध्यक्षांकडे बघत होते. फार मोठ्या विद्यापीठाचे होते ते. त्या विद्यापीठाचं नाव प्राचार्य महिनाभर देवासारखं घेत होते. मला वाटलं, यांना फसवलंय, आता हे विचारतील.

त्यांनी माझे पाय पाहिले. मग घड्याळ पाहिलं. अगदी गोड आवाजात म्हणाले, "बेटा, आप बाहर बैठो. हमें और भी देखना है."

तेव्हा मी घाबरले. प्राचार्यांना घाबरले नव्हते तेवढी. यांना कुणी फसवलं नव्हतं. यांना माहीत होतं. प्रत्येक गावात असंच असतं, हे यांना माहीत होतं.

"नाही बसणार बाहेर. मी इथलीच आहे."

पहिल्या रांगेत खुर्ची रिकामी होती. बसले. मला उठवायला कुणी हात लावला नाही. हात लावायचाच नव्हता कुणाला.

ग्रेड चांगला आला. गेटवर बॅनर लागला, त्यावर त्या मुलीचा फोटो. माझे इंटर्नलचे मार्क कापले गेले. घरी सगळं सांगितलं तेव्हा आईनं एकच विचारलं.

"खुर्चीवरून उठली तं नाही ना वो तू?"

"नाही."

"मंग झालं. गाव बुडवाचं होतं तवा उठा म्हणलं, अन् उठलो आपण. एकडाव उठलो तेवढं पुरे."

यंदा पुन्हा कुंड्या आल्या आहेत. परवा समिती येते. प्राचार्य तेच आहेत. मी त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवते, म्हणून आता मला मॅडम म्हणतात. आज सकाळी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"मॅडम, तुमच्या वर्गातल्या त्या रोवण्याला जाणाऱ्या पोरी. परवा त्यांना घरीच राहू द्या." मग हसले. "तुमच्या नेमणुकीची पुढची ऑर्डर माझ्याच सहीनं निघते, हे तुम्हाला सांगायला नको."

"नको सर. माहीत आहे," मी म्हणाले.

ऑर्डर निघणार नाही. आईला सांगून ठेवलंय. पोरींनाही सांगितलंय, औषध लावून या, चपलेतच या, ओळखपत्र कुणालाही देऊ नका. आणि संध्याकाळी कॉलेज रिकामं झाल्यावर मागच्या खोलीची कडी मी पेचकसानं काढली. ती माझ्या पर्समध्ये आहे.

परवा त्या पोरी पहिल्या रांगेत बसतील. मी त्यांच्याशेजारी. बाहेर बसा म्हणायला येणाऱ्यानं आधी माझ्याशी बोलावं. मी याच कॉलेजातून बी.ए. झाले, नागपुरातून एम.ए. झाले, सेट पास झाले. आमच्या घरातली पहिली मीच आहे, आणि हे आता माझ्या तोंडानं मीच सांगते.