ऱ्हाईनवरून आलेला खलाशी

सौदीतल्या अल-खोबरच्या आमच्या दवाखान्यात तो नोकरीच्या मेडिकलसाठी आला होता. रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. अल खफजीला, समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेणाऱ्या बोटीवर त्याला काम मिळालं होतं. मी दोनदा ब्लड प्रेशर मोजलं. दोन्ही वेळा खूप वाढलेलं. तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

"काका, कसली भीती वाटतेय?" मी मराठीत विचारलं.

मराठी ऐकून तो बोलू लागला. युरोपात ऱ्हाईन नदीवर मालाच्या बोटींवर त्याने नऊ वर्षं काढली होती. एका सकाळी दाट धुक्यात दोन बोटी एकमेकींना लागत असताना त्याच्या जोडीदाराचा पाय घसरला आणि तो दोन्हींच्या मधे लोंबकळला.

"मी त्याची कॉलर धरलेली, मॅडम. बोटी जवळ आल्या तशी सोडली. नायतर माझा हात गेला असता. सगळ्यांना वाटतं, तो धुक्यामुळे गेला."

"मग अनफिट लिहू?"

तो दचकला. "नको! कफील, इथला मालक, परत पाठवील. मुलगी कॉलेजात आहे." मग हळूच म्हणाला, "पण इथे कोण पडला, तर मी परत सोडीन."

मी लिहिलं, 'बोटीवर नको, किनाऱ्यावरचं काम द्यावं.' तो कागद न वाचताच घेऊन गेला.

कंपनीने त्याला ठेवून घेतलं की घरी पाठवलं, हे मला कळलं नाही. फोन करून विचारता आलं असतं, पण उत्तर ऐकायची माझी हिंमत झाली नाही.