दुसऱ्या पानाची तळाची ओळ

"हे आपल्याला लागू नाही," असं कुणी म्हटलं की एक्स्चेंजताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून बसलेली बाई ती! लांबलांबचे फोन जोडून जोडून आवाज असा खणखणीत झालेला, की जिन्यात बोलली तर तिसऱ्या मजल्यावर ऐकू जावं.

त्या तिसऱ्या मजल्यावर घड्याळजी वहिनी राहायच्या. घड्याळं दुरुस्त करणारा नवरा गेलेला, गुडघे कामातून गेलेले, लेक परदेशात. लेकीशी बोलायला फोन तेवढा उरला होता, आणि बिल थकलं म्हणून महिनाअखेरीला लाइन कापणार अशी नोटीस येऊन पडली होती. ताईनं पैसे देऊ केले, तर वहिनी ताठ. "कुणाचे उपकार नकोत हो मला!"

"उपकार कसले डोंबलाचे? तुमचेच पैसे आहेत." लांबच्या फोनवर सरकारनं वर्षानुवर्षं जादा कर घेतला होता. कोर्टानं तो चुकीचा ठरवला, आणि यंदाच्या आयकराच्या फॉर्ममध्ये तो परत मागायला एक ओळ आली. बारीक अक्षरात, दुसऱ्या पानाच्या तळाशी. जो तो ती कोरी सोडत होता.

"पण मी कुठे आयकर भरते? मला कसला फॉर्म?"

"अहो, हा कर दर बिलात भरलात की! आणा बघू बिलं."

बिलं निघाली घड्याळांच्या रिकाम्या खोक्यांतून, वर्षवार लावलेली. वहिनींची सही घेऊन ताई थेट कराच्या कचेरीत गेली. खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला, "उत्पन्न नाही ना? मग हे त्यांना लागू नाही."

झालं! नेमकं तेच वाक्य.

"पान उलटा," ताई म्हणाली, आणि अख्खी रांग वळून बघायला लागली. "तळाची ओळ वाचा. मोठ्यानं."

त्यानं वाचली: उत्पन्न नसलं तरी हा कर परत मागता येईल. मग पुन्हा मनातल्या मनात वाचली आणि मुकाट्यानं शिक्का मारला. रांगेतल्या चौघांनी तिथल्या तिथे आपापले फॉर्म उलटून पाहिले.

पंचवीस तारखेला पैसे आले, थकबाकी भागली. वहिनींनी ताईचा हात धरला. "आणि तुमचे किती आले?"

"मला कुठले? आमचा फोन नोकरीतला, फुकट. कर भरलाच नाही, तर मागू काय?" ताई हसली. "आणि मला फोन करणारं तरी कोण आहे? जन्मभर दुसऱ्यांचे जोडले, झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ताईचा फोन वाजला. ती दचकलीच, कित्येक महिन्यांत तो वाजला नव्हता. सवयीनं तोंडून निघालं, "कोणता नंबर हवाय?"

"तुमचाच," वहिनी म्हणाल्या. "चहा झाला का?"

ताईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला. डोळे भरून आले.

"हॅलो? लाइन गेली की काय?" वहिनी ओरडल्या.

"नाही हो," ताई म्हणाली. "आहे, लाइन आहे."