माझा निबंध आणि उसात बसलेलं गाव

माझ्या एका निबंधामुळे शिराळ्याकडच्या एका गावातले सगळे पुरुष तीन दिवस उसात जाऊन बसले होते.

ईशा, परवा फोनवर तू म्हणालीस की शिक्षणशास्त्राचा निबंध लिहायचाय आणि आराखडाच जमत नाहीये. मागून तुझा भाऊ ओरडला, "आजीला विचार, ती बी.एड. आहे!" म्हणून हे लिहायला बसले. माझा सल्ला घेण्याआधी तुम्ही दोघांनी माझा पूर्वेतिहास वाचलेला बरा.

साल शहात्तर. मी सांगलीत बी.एड. करत होते. वय एकतीस, घरी दोन मुलं (त्यातला सतत नाक वाहणारा धाकटा म्हणजे तुमचा बाबा). इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, मुलींच्या एका शाळेत तात्पुरती शिकवत होते आणि तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी रजा देताना स्पष्ट सांगितलं होतं : बी.एड. होऊन आलात तर कायम करू, नाहीतर येऊ नका. परीक्षेला बसण्यासाठी डिसेंबर संपायच्या आत एक मोठा निबंध द्यावा लागे. निबंध नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर नोकरी नाही. मला तेव्हा झोपेतसुद्धा हेच ऐकू यायचं.

निबंध तपासणारे सर कधीच रागवायचे नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं! ते समासात लाल शाईने एकच शब्द लिहायचे : ‘पुरावा?’ माझ्या एका मैत्रिणीच्या एकाच पानावर तो शब्द अकरा वेळा आला. ती घरी गेली आणि तिने लग्नच करून टाकलं.

माझा विषय होता ‘ग्रामीण भागातील शालेय गळती : कारणे व उपाय’. गळती म्हणजे मुलं मध्येच शाळा सोडतात ती. मी आराखडा असा केला होता की बघणाऱ्याने उठून उभं राहावं. निळ्या कार्डांवर सात कारणं, गुलाबी कार्डांवर सात उपाय, स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिवसवार वेळापत्रक. खरं सांगायचं तर निबंध मी लिहूनच टाकला होता, समारोपासकट! फक्त सरांच्या त्या शब्दासाठी मधे मधे मोकळ्या जागा सोडल्या होत्या. त्या भरायला साठ छापील प्रश्नावल्या आणि ती रंगीत कार्डं फाईलमध्ये घेऊन मी थोरल्या दिरांच्या गावी गेले.

थोरले दीर म्हणजे आण्णा. सैन्यातून सुभेदार होऊन घरी आलेले. दोन लढाया बघितलेला माणूस. मिशी अशी की तिला वेगळी सलामी द्यावी. नागपंचमीला जिवंत नाग नुसत्या हाताने उचलायचे आणि वर त्याच्याशी गप्पा मारायचे. त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ, आक्का. चार मुलं, ऊस, म्हशी आणि आण्णा असा सगळा कारभार ती एकटी बघायची.

सोमवारी सकाळी मी निघाले. इस्त्रीची पांढरी साडी, चष्मा, मनगटावर घड्याळ, काखेत फाईल. एखादं घर दोनदा होऊ नये म्हणून प्रत्येक दारावर खडूने क्रमांक घालत होते. ज्या घरातल्या मुलाने शाळा सोडली असेल त्या घरावर क्रमांकाशेजारी फुली. (अशी घरं साहजिकच जास्त मुलांची असायची. याचा अर्थ पुढे काय लागणार आहे, हे मला बी.ए.ला शिकवलं नव्हतं.) शिवाय सह्या न येणाऱ्यांसाठी शाईचा पॅड. ही कल्पना सरांची नव्हती हो, माझी स्वतःची!

सतराव्या घरी पारूबाई नावाची म्हातारी होती.

"घरात मुलं किती?" मी विचारलं.

"कशापाय?"

"माहिती हवी आहे."

"कुनाला?"

"वर पाठवायची आहे." (वर म्हणजे सरांकडे. ते दुसऱ्या मजल्यावर बसायचे.)

तिने बराच वेळ माझ्या घड्याळाकडे बघितलं. "चार," ती हळूच म्हणाली.

"शाळेत किती जातात?"

"तीन."

"छान! तुमचा मुलगा रानातून आला की सांगा. अंगठा घ्यायला येते."

आणि मी दारावर ठसठशीत फुली काढून पुढे गेले. संध्याकाळी त्रेचाळीस घरं झाली. मी आक्काला म्हणाले, "लोक किती नम्र आहेत हो तुमच्याकडचे! प्रत्येकजण उठून आत जातो."

मंगळवारी सकाळी आक्का अंगण झाडता झाडता थांबली.

"विमल, गावात एक बाप्या दिसंना गं."

"कामाला गेले असतील."

"समदे? तात्या म्हातारा बी? त्याला ऐंशी सरली. त्याला कशाचं भ्या?"

"आण्णा कुठायत?"

आक्काने झाडू दुसऱ्या हातात घेतला. "उसाला पानी पाजाय गेल्यात."

"कधी येतील?"

"लय ऊस हाय," ती म्हणाली आणि घाईघाईने आत गेली.

दुपारी गावातल्या सगळ्या बायका डोक्यावर भाकरीची फडकी घेऊन एकाच दिशेने निघालेल्या दिसल्या, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बाळांनो, त्या वर्षी नसबंदीची मोहीम जोरात होती. कुठे जीप आली, कुठे बाजारातून माणसं उचलून नेली, अशा गोष्टी गावोगाव फिरत होत्या. खऱ्या किती, खोट्या किती, कुणाला ठाऊक! शिक्षकांनासुद्धा माणसं आणायला सांगितलेलं असायचं. अशा दिवसांत पांढऱ्या साडीतली एक परकी बाई मुलं मोजत हिंडते, दारावर फुल्या मारते आणि बापाचा अंगठा मागते! जिवंत नागाशी गप्पा मारणारे सुभेदारसाहेब सख्ख्या भावजयीच्या फाईलला भिऊन उसात बसले होते.

मी तडक पाणवठ्यावर गेले. शिकलेल्या माणसाने नीट समजावून सांगितलं की गैरसमज दूर होतात, असं माझ्या निळ्या कार्डावर लिहिलेलं होतं.

"बायांनो, मी सरकारी नाही!"

"मग कुनाची?"

"कॉलेजची."

"आगं बया! आता कालेजात बी कराय लागले!"

"अहो, मला निबंध लिहायचाय!"

"म्हंजे आमच्या मालकांची नावं छापून येनार?" एकीने घागर अर्धवट भरलेलीच उचलली. दोन मिनिटांत पाणवठ्यावर मी आणि एक म्हैस एवढ्याच उरलो.

बुधवारी गावातल्या शाळेचे गुरुजी आले. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. ओट्यावर बसायलाही तयार नव्हते.

"बाई, सोमवारी एक्केचाळीस पोरं हुती. काल एकोनीस. आज सात."

"सुट्टी आहे का?"

"सुट्टी न्हाई बाई. तुमी हाय."

आयांना वाटलं होतं की शाळेच्या पटावरून पोरं मोजून बापाला उचलणार. म्हणून पोरंच घरी ठेवली. गुरुजी रडकुंडीला आले होते. "परवा तपासनीला सायेब येनार. इचारतील, गळती कशानं झाली? काय सांगू मी?"

सवयीने मी फाईल उघडली. गरिबी, शेतीची कामं, शाळेचं अंतर, आईबापांचं अज्ञान... सातही कारणं वाचून काढली. त्यातलं एकही नव्हतं. मी फाईल बंद केली.

उरलेली सात मुलं तरी कुणाची म्हणून चौकशी केली, तर त्यातली चार आमच्याच घरची! गुरुवारी बघते तर ती चारही परसात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली.

"आक्का, तुम्हीसुद्धा?"

"तू घरची हायस, ते ठावं हाय गं मला," आक्का माझ्याकडे न बघता म्हणाली. "पर त्यो कागुद घरचा न्हाई न्हवं."

त्याच दुपारी पारूबाई आली. एकदम वाकली आणि माझे पाय धरले. माझ्या आईच्या वयाची बाई!

"बाई, माझ्या लेकाला एकच लेकरू हाय वो. बाकीची तीन लेकीची हायती, सांभाळाय आनल्यात. मी चुकून चार सांगितली. दारावरची फुली पुसा. त्यो तीन दिस उसात हाय, अंगात ताप हाय, घरला याय तयार न्हाई."

तोवर मला सरांची भीती वाटत होती, परीक्षेची वाटत होती, नोकरी जायची वाटत होती. त्या क्षणी पहिल्यांदा मला माझीच भीती वाटली. मी त्यांना उठवलं. उलट त्यांनीच मला धरून ओट्यावर बसवलं.

मी आणि आक्का उसाच्या कडेला जाऊन उभ्या राहिलो. समोर डोक्याच्याही वर गेलेला ऊस, आणि त्यातून कुणाचं तरी खोकणं.

"आण्णा!" मी हाक मारली.

"कोन हाय?"

"मी, विमल."

अख्खा ऊस चिडीचूप झाला. खोकणाराही थांबला!

"एकटीच हायस?"

"आक्का आहेत."

"जीप?"

"नाही हो!"

"आन् ते कागुद?"

"घरी आहेत, कुलपात."

आत बराच वेळ कुजबुज चालली. मग आण्णांचा सुभेदारी आवाज आला. "कागुद जाळ. समद्यांच्या म्होरं. मग आमी भाईर."

"आण्णा, ते जाळले तर माझा निबंध गेला. वर्ष जाईल माझं! नोकरी जाईल!"

मग आण्णा म्हणाले, "विमल, तुजं वरीस जाईल. आमचं काय जाईल, ते तुला आता इंग्रजीत सांगू व्हय?"

मला ते कुठल्याच भाषेत ऐकायचं नव्हतं.

आण्णांच्या दारात गाव जमलं. म्हणजे बायका जमल्या. पुरुष ऊस सोडून बांधापर्यंत आले होते आणि तिथून माना उंचावून बघत होते. मी त्रेचाळीस भरलेल्या आणि सतरा कोऱ्या प्रश्नावल्या चुलाण्यात घातल्या. आक्का मोठ्याने मोजत होती. "ती रंगीत कागदं बी टाक!" कुणीतरी ओरडलं. निळी कार्डं पेटली. गुलाबी काही केल्या पेटेनात, तर एका बाईने उत्साहाने रॉकेल आणून दिलं. शेवटी शाईचा पॅड टाकला. त्याचा असा काही घाण धूर झाला की मी सोडून सगळ्यांना खात्री पटली, नक्कीच काहीतरी भयंकर होतं ते!

मग ओलं फडकं घेऊन त्रेचाळीस दारं पुसली. मागे बायकांचा घोळका. "हितं रेघ ऱ्हायलीया बाई." "ह्ये नीट पुसा." सतराव्या दाराशी पारूबाईंनी फडकं माझ्या हातातून घेतलं आणि ती फुली स्वतः पुसली, लाकडाचा रंग जाईपर्यंत.

दिवेलागणीला पुरुष घरी आले. उसाच्या पातीने ओरबाडलेले, सगळीकडे खाजवत. आण्णा ओट्यावर बसले, आक्काकडे चहा मागितला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाजलं एकदाचं पानी उसाला."

शुक्रवारी शाळेत एक्केचाळीस मुलं हजर होती. तपासणीचे साहेब आलेच नाहीत!

सांगलीला परतले तेव्हा हातात चार दिवस होते आणि फाईल रिकामी; पुराव्याशिवाय तो आधी लिहून ठेवलेला निबंध कुचकामी. दोन दिवस मी नुसती रडले. तिसऱ्या दिवशी ठरवलं, नापासच व्हायचंय तर खरं लिहून होऊ. बारा पानं लिहिली. आराखडा केला नाही. त्यात एक वाक्य असं होतं : ‘या आठवड्यात गावात सुगी नव्हती, यात्रा नव्हती, रोगाची साथ नव्हती. नवीन गोष्ट एकच होती, ती म्हणजे प्रस्तुत लेखिका.’

सरांनी बोलावलं. मी दुसऱ्या मजल्यावर गेले. ते बाराही पानं वाचत होते आणि मी त्यांच्या टेबलाची कड घट्ट धरून उभी होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, गळतीवरचे निबंध मी पुष्कळ वाचले. पण कारण आलं की गळती सुरू, कारण गेलं की गळती बंद, इतकं नि:संशय कुणीच सिद्ध केलेलं नाही." मग चष्मा चढवून त्यांनी पानं माझ्याकडे सरकवली. "पास आहात. फक्त तुम्ही कारण दिलंय, उपाय द्यायचा राहिलाय. तेवढा लिहून द्या."

मी तिथेच उभ्याउभ्या सुवाच्य अक्षरात लिहून दिला : ‘प्रस्तुत लेखिकेस पुन्हा खेड्यात पाठवू नये.’