आबांचा ट्रॅक्टर आणि आमचे शुक्रवार

जुना ट्रॅक्टर दुरुस्त करायला घेतला की पार्ट एकेक करून मिळतात, किस्से मात्र ढिगाने जमतात. आमच्याकडचे बहुतेक माझ्याच फजितीचे, म्हणून सांगायचा पहिला हक्कही माझाच!

राहनाळला आमच्या शेतावर मी गोडाऊन उभं केलं, तेव्हापासून माझे वडील, आबा, तिकडे फिरकले नव्हते. त्यांचा ट्रॅक्टर मागच्या शेडमध्ये गंजत होता. तो चालू करून आबांना एकदा तरी त्यावर बसवायचं, एवढंच माझ्या मनात होतं. सोबतीला शेजारच्या शेताचे विष्णूकाका आणि निजामपुऱ्यातले लूम-मेकॅनिक, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे, सलीमभाई. शुक्रवारी लूम बंद, म्हणून आमचा वार शुक्रवार.

*

पहिल्याच शुक्रवारी मी नवीकोरी बॅटरी बसवली. स्टार्टर फिरायचा, पण इंजिन काही उठेना. पंप गेलाय, असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं आणि तो खोलायला पानाही हातात घेतला. सलीमभाईंनी टाकीखाली हात घालून तिथली तोटी चाचपली.

"सेठ, डिझेल का कॉक खोला था?"

त्या दिवशी चहा मीच पाजला, तीन वेळा.

*

जुनी लोखंडी सीट मी भंगारात दिली आणि मोटारीची गुबगुबीत सीट आणली. पुढच्या शुक्रवारी विष्णूकाका भंगारवाल्याकडून जुनी सीट खांद्यावर घेऊन आले.

"तुला सोफा पायजे तं घरी बस. ही तुझ्या बापाची जागा हाय."

*

रंग मी एकट्याने मारला. हौसेने, चांगला जाड. ग्रीस भरायला घेतलं तेव्हा कळलं, ग्रीसच्या सगळ्या निपलांवरही मी लाल रंग चढवलाय! सलीमभाई टाचणी घेऊन एकेक भोक मोकळं करत बसले. मी मदतीला वाकलो तर म्हणाले, "आप बस देखो." त्यांना नमाजाला उशीर झाला. याची मला अजून लाज वाटते.

*

पार्ट आणायला पडघ्याला गेलो. दुकानदार स्वतः शेतकरी. त्याने सहज विचारलं, शेती किती? गोडाऊनचं भाडं खातो, असं सांगायला जीभ रेटेना. दहा एकर भात, म्हटलं. कुठला लावता? घरात येणाऱ्या पिशवीवरचं नाव आठवलं आणि मी म्हणालो, "बासमती."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पार्ट बांधून दिला.

*

दसऱ्याला ट्रॅक्टर धुतला, झेंडूची माळ घातली आणि आबांना हात धरून आणलं. ते चढले. क्लच दाबून गिअर टाकला आणि यार्डातल्या काँक्रीटवरून सरळ निघाले. माझा ऊर भरून आला. यार्डाचं कुंपण बरंच लांब होतं, तरी त्यांनी मध्येच ट्रॅक्टर थांबवला.

"आबा, जा की पुढं, रिकामंच हाय," मी म्हणालो.

"हितं बांध होता."

होता. यार्ड चौकोनी यावं म्हणून मीच तो मोडला होता आणि कुंपण विष्णूकाकांच्या शेतात दहा पावलं पुढे सरकवलं होतं. काका तेव्हा काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. शुक्रवारचा चहा आम्ही त्याच तुकड्यावर बसून प्यायचो.

आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. इंजिन चालू ठेवून त्यांनी मागे उभ्या विष्णूकाकांकडे मान वळवली.

"विष्णू, तुझ्या शेतातून वळवू का?"