दाराबाहेरच्या चपला

उन्हात तापलेल्या रबरी चपलांचा वास आला की गेवराईजवळच्या गावातलं आमचं पत्र्याचं घर आठवतं. दर रविवारी आठ-दहा जण तिथं येशूच्या प्रार्थनेला जमायचे, आणि बाहेरून कुणाला कळू नये म्हणून सगळ्यांच्या चपला आत घ्यायची आमची रीत होती. तरी एका रविवारी काही माणसं मोटारसायकलींवर येऊन ‘परत जमलात तर घर पेटवू’ असा दम देऊन गेली. पुढच्या रविवारी तिघीच आल्या. प्रार्थना चालू असताना दारापुढं मोटारसायकली थांबल्या. आई उठली, मला वाटलं, कडी लावायला चालली. तिनं चपला गोळा केल्या, दार उघडलं आणि उंबऱ्याबाहेर ओळीनं मांडल्या. ‘आई, चपला बाहेर कावून?’ मी कुजबुजले. ‘आपण काय चोरी केली हाय?’ ती म्हणाली. मग तिनं मोठ्यानं प्रार्थना म्हणायला घेतली. गाड्या गेल्यावर बाहेर पाहिलं, तर चपला नालीत पडल्या होत्या. आईनं त्या काढून धुतल्या आणि पुढच्या रविवारी तिथंच मांडल्या. आता प्रार्थना माझ्या घरी होते. दारापुढं मोटारसायकल थांबली की अजून माझी नजर कडीकडं जाते. चपला मात्र बाहेरच असतात.