भुंकणं थांबलं की थांबायचं

"एका कानाची पोर घेऊन तू रानात जाणार?" ताइस्तोने विचारलं.

त्याची थोरली बहीण इर्या त्याच्याच स्वयंपाकघरात स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. "दोन कानांचे पुष्कळ पाहिलेत," ती मान वर न करता म्हणाली. "त्यातला एक तू."

ताइस्तोची मुलगी साइमी दाराशी उभी होती. वय वर्षं दहा, डोक्यावर केशरी टोपी. चौथ्या वर्षी आलेल्या तापात तिचा डावा कान गेला. आवाज तिला ऐकू यायचा, पण तो कुठून आला हे कळायचं नाही. शाळेत कुणी हाक मारली की ती जागच्या जागी गिरकी घ्यायची आणि मुलं हसायची. ताइस्तोची भीती काही उगाच नव्हती. घरामागे पाइनचं रान आणि दलदल सुरू व्हायची, ती पार सरहद्दीपर्यंत.

पण 'तू रानात जाणार?' हा प्रश्न इर्याला नवा नव्हता. वडिलांनी ताइस्तोला आठव्या वर्षीच रानकोंबड्यांच्या शिकारीला नेलं, आणि तिला मारलेल्या पाखरांची पिसं उपटायला घरी ठेवलं. बाईमाणसाच्या पायाखाली रान वाजतं, असं ते म्हणायचे. मोठी झाल्यावर ती टपाल वाटू लागली. पहिल्या पगारात तिने कोल्ह्यासारखं तांबडं कुत्र्याचं एक पिल्लू विकत घेतलं आणि त्याच्यामागे फिरत एकटीच सगळं शिकली. वडिलांना पहिला कोंबडा दाखवला तेव्हा ते म्हणाले, "कुत्रा चांगला आहे." तीस वर्षं झाली, तरी ते वाक्य तिच्या घशात काट्यासारखं होतं.

आता तिचा चौथा कुत्रा होता, तुइस्कू. पक्षी झाडावर बसला की हा खाली उभा राहून शेपूट हलवत भुंकायचा. पक्षी त्याच्याकडे बघत गुंगायचा, आणि तेवढ्यात माणसाने जवळ जायचं.

पहिल्या खेपेला साइमी भुंकण्याच्या नेमक्या उलट दिशेला गेली. इर्याने तिला शोधून काढलं तेव्हा ती गुडघाभर दलदलीत उभी होती, रडत नव्हती.

"आत्या, रान सगळीकडून भुंकतं," ती म्हणाली.

"मग सगळीकडे कान लाव. घाई कुणाला आहे?"

इर्याने तिला उजवा कान पुढे करून सावकाश फिरायला शिकवलं. आवाज सर्वांत मोठा लागेल तिथे थांबायचं, समोरचं एखादं झाड धरून ठेवायचं, तिथवर जायचं, पुन्हा फिरायचं. दुसऱ्या खेपेला साइमी झाडापर्यंत बरोबर पोचली, पण तुइस्कू दम घ्यायला थांबला तेव्हा आपणही थांबायचं हे तिला ठाऊक नव्हतं, ती चालतच राहिली. पंखांचा फडफडाट झाला आणि कोंबडा गेला.

"भुंकणं थांबलं की थांबायचं," इर्या म्हणाली. "पाय हवेत असला तर हवेतच. तो गप्प झाला की पाखरू आपल्याला ऐकतं."

त्या संध्याकाळी ओले बूट पाहून ताइस्तोने निकाल दिला. "रविवारी मी येतो. एकदा जरी वाट चुकली, तर पुन्हा रान नाही. मुलगी माझी आहे, ताई."

"ये की. तुझे बूट कुठे आहेत ते तरी आठवतंय का?"

रविवारी दहिवर पडलं होतं. रानात शेकोटीवर कॉफी झाली, काळ्या पावावर खारवलेले मासे झाले, आणि ताइस्तोने तीनदा विचारलं, "थंडी वाजते का गं?" साइमी तिन्ही वेळा पाव चावत रानाकडे बघत राहिली.

मग लांबवर तुइस्कू भुंकला. ताइस्तोचा हात लगेच उठला. "ते बघ, त्या..."

"हात खाली," इर्या म्हणाली. "तिला करू दे."

साइमी फिरू लागली. इतकी सावकाश, की ताइस्तो ओठ चावत राहिला. ती एकदा थांबली, पुन्हा थोडी मागे आली, आणि एका वाकड्या पाइनकडे निघाली. मागे बंदूक घेतलेली इर्या, शेवटी ताइस्तो. झाडामागून झाड करत ते भुंकण्याच्या आवाजाआड सरकत गेले. शंभर पावलांवर एका उंच पाइनवर मोठा काळा कोंबडा दिसला, मान खाली घालून कुत्र्याकडे बघणारा. इर्याने खांद्यावरची बंदूक उतरवली. नेम धरायला अजून तीसेक पावलं पुढे जायला हवं होतं.

तुइस्कू गप्प झाला.

साइमीचा डावा पाय वर उचललेला होता, तो तसाच राहिला. ती हलली नाही. आयुष्यभर ती आवाजाच्या मागे चाचपडत आली होती. आवाज नसणं मात्र तिला कुणापेक्षाही आधी कळायचं. गुडघा थरथरू लागला, तरी पाय खाली आला नाही.

पोर पडेल म्हणून ताइस्तो एक पाऊल पुढे झाला.

काटकी मोडली. कोंबडा फांदीवरून सुटला आणि जड पंखांनी पाइनच्या शेंड्यांवरून निघून गेला.

साइमीने आता पाय टेकवला.

"कुजकी होती," ताइस्तो म्हणाला.

"असतात कुजक्या," इर्या म्हणाली. "अप्पा म्हणायचे, बाईमाणसाच्या पायाखाली रान वाजतं."

साइमीने बापाकडे वळून पाहिलं. "मी चुकले नाही."

"नाही चुकलीस."

"मग पुढच्या रविवारी मी येणार. तुम्हाला यायचं असेल तर सगळ्यांत मागे."

इर्याने हसू गिळलं. पोरीची बाजू घ्यायला आता तिची गरज नव्हती.

तेवढ्यात तुइस्कू पुन्हा भुंकू लागला, या वेळी खूप लांब, ओढ्यापलीकडे. ताइस्तोला दिशा ताबडतोब कळली. त्याचा हात खांद्यापर्यंत आला. मग त्याने तो खिशात घातला, आणि साइमी कान पुढे करून सावकाश फिरत होती, तिचं फिरणं पुरं होईपर्यंत तो जागचा हलला नाही.