दिसणारा दोर

गेनू गेल्याची बातमी मला पाच दिवसांनी कळली, आणि ती ऐकताना मी हसत होतो. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढचं लिहायचा धीर होणार नाही. आंदर मावळातून लोणावळ्याला तूप घेऊन येणारे एक आबा आमच्या लॉजच्या फाटकाशी थांबले आणि म्हणाले, "तुमचा त्यो दोरवाला..." दोरवाला म्हटलं की हसायचं, ही माझी पंधरा वर्षांची सवय. ओठ आपोआप पसरले. आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग वाक्य पुरं केलं, "...गेला. ताप आलता."

गेनू आणि मी एकाच वाडीतले. मी सातवीपर्यंत शिकून लोणावळ्यात एका लॉजवर कारकून झालो, तो वर डोंगरातच राहिला. भाताचं एक खाचर, दोन म्हशी आणि दोर. घायपाताची पानं ओढ्यात कुजवायची, बडवून वाख काढायचा आणि तो वळायचा. त्याच्या हातांना त्या कुजक्या पाण्याचा वास कायम असायचा. गुराढोरांचे दोर सगळेच वळतात. गेनूचा दोर मोहोळाचा होता. आमच्याकडे कड्यावरून उतरून मध काढतात, आणि उतरणाऱ्याचा दोर वर धरायला त्याचा मेहुणाच लागतो, बायकोचा भाऊ. बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात, त्याचा हात सुटत नाही म्हणून. गेनू त्याच्या बहिणीच्या नवऱ्याचा दोर धरायचा. वाडीत याहून मोठा मान नव्हता.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मुंबईहून सिनेमाची माणसं आमच्या लॉजवर उतरली. हिंदी मारधाडीचा चित्रपट होता. तोंडावर बुरखा आणि पाठीवर लांब झूल घातलेला एक वीर हवेतून उडत येतो आणि दुष्टांचा नाश करतो, अशी काहीतरी गोष्ट. त्यांना कडा हवा होता, मी आमच्या वाडीचा दाखवला. कडा पाहून नायकानं साफ नकार दिला. माझी अंगकाठी त्याच्यासारखी, तोंडावर बुरखा असणारच, तेव्हा दिग्दर्शक साहेबांनी मलाच विचारलं. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला तेवढ्यावरच आपण मुंबईला गेल्यासारखं वाटलं होतं.

सामान वाहायला आलेल्या गेनूनं मला बांधायची तार पाहिली. बारीक पोलादी तार, दोन पावलांवरून दिसेनाशी होणारी. साहेबांनी ती कौतुकानं दाखवली. गेनू म्हणाला, "न दिसणारा दोर धरायचा कुणी? दोर दिसाया पायजे, सायेब. वरच्याला बी आन् खालच्याला बी." साहेबांनी समजावलं, ओरडले, हाकलून दिलं. गेनू गेला आणि घरून आपला मोहोळाचा दोर घेऊन आला. कमरेच्या फासाला त्यानं स्वतःच्या जुन्या धोतराची घडी शिवली होती, मला काचू नये म्हणून. तो बांधल्याशिवाय दत्तूला, म्हणजे मला, खाली सोडणार नाही म्हणाला आणि कड्याच्या तोंडाशी बसून राहिला. मेहुणा नाहीस तू माझा, असं मी चिडून बोललो, तर म्हणाला, "तुजं लगीन कुटं झालंय? तवर मीच." उन्हं उतरायला लागली तसे साहेब कंटाळले. तारही राहू दे, दोरही राहू दे, पण दोर आभाळाच्या रंगाचा करा, म्हणाले. मग कपड्यांना घालायची नीळ कालवून दोर निळा केला. चित्रपट काळा-पांढरा आहे हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मी कड्यापुढे लोंबकळलो. मूठ पुढे, नजर करारी. खाली कॅमेरा. आणि मध्येच पाठीत कट्‌ असा आवाज झाला. मी हातभर खाली आलो, हिसका बसला, पाठीवरची झूल डोक्यावरून तोंडावर आली... आणि मी तसाच तरंगत राहिलो. मूठही पुढेच होती, कारण ती मागे घ्यायची असते हे मी विसरलो होतो.

वर ओढून घेतल्यावर मी तारेचं तुटलेलं टोक पाहिलं. साहेबांचा माणूस ती घाईघाईनं गुंडाळून जीपमध्ये टाकत होता. साहेबांनी मला बाजूला घेतलं. हे कुठे बोलू नकोस, पुढच्या चित्रपटात मोठं काम देतो, म्हणाले. मी मान हलवली आणि तसाच गेनूकडे गेलो. ऐनाच्या खोडाला दोराचा एक वेढा, टाचा मातीत रुतलेल्या, तळवे निळे आणि सोललेले. मी काहीच ठाऊक नसल्यासारखं विचारलं, "हिसका कसला रे बसला?" त्यानं तळवे धोतराला पुसले. मग म्हणाला, "काय न्हाई. हात सुटला जरा माजा."

पुढच्या वर्षी कार्ल्याच्या जत्रेत तंबूत तो चित्रपट लागला, तेव्हा सगळी वाडी उतरून आली. गेनू माझ्या शेजारी बसला होता. पडद्यावर एक म्हातारा शास्त्रज्ञ हात जोडून सांगत होता की ही अदृश्य शक्ती आहे, आणि तेवढ्यात मी आलो. पाठीतून वर अंगठ्याएवढा जाड, काळाकुट्ट दोर. दुष्टांचा किल्ला पुठ्ठ्याचा, वारा आला की बुरूज डुलायचा. एकच झाड मी चार वेळा ओलांडतो. खाली जमलेली माणसं आभाळाकडे बघून थक्क होतात, पण दोर कुणालाच दिसत नाही. दिसतो फक्त एका म्हशीला. ती मान वर करून त्याच्याकडे टक लावून बघते. लोक हसून लोळत होते. आज वाटतं, त्या चित्रपटाची खरी गंमत तीच आहे. दोर एवढा ढळढळीत, आणि सगळे गंभीर तोंडानं तो नसल्यासारखं वागतात. मग तो हिसका आला. साहेबांनी तोच तुकडा ठेवला होता. वीर हातभर खाली, झूल तोंडावर, मूठ पुढे. तंबू फाटेल असं हसू... आता सगळे मला हसणार, या भीतीनं मीच मोठ्यानं म्हणालो, "हा गेनूचा दोर बरं का! आणि इथं त्याचा हात सुटला!"

गेनूनं मान खाली घातली नाही. पडद्याकडेच बघत होता. घरी जाताना एवढंच म्हणाला, "दोर चांगला दिसला."

साहेबांनी मला पुन्हा बोलावलं नाही. दोरामुळे आपलं नशीब फिरलं असं मी स्वतःला पटवलं. चित्रपट मात्र मेला नाही. इतका वाईट की लोक मुद्दाम हसायला जायचे, लोणावळ्यात तो दरवर्षी रविवारी सकाळी लागायचा. मी मित्रांना घेऊन जायचो आणि हात सुटल्याची गोष्ट नकलेसकट सांगायचो. ती गोष्ट पायवाटेनं वर वाडीत गेली. पुढच्या मोहोळाच्या वेळी गेनूच्या बहिणीच्या नवऱ्यानं दोर दुसऱ्याच्या हातात दिला. गेनू भांडला नाही. फक्त बाजाराला खाली येणं हळूहळू बंद केलं. मी एका वाक्यात ते सगळं थांबवू शकलो असतो. आधी पुढच्या कामाच्या आशेनं बोललो नाही, आणि नंतर, आधी बोललो नव्हतो म्हणून. शेवटची सहा वर्षं आम्ही भेटलोही नाही.

दहाव्याला मी वर गेलो. माणसं पांगल्यावर गेनूच्या बायकोनं, वहिनींनी, खुंटीवरून दोर काढला. पिळात नीळ अजून होती, फासाला धोतराची घडी तशीच शिवलेली. "ह्यो तुमी न्या, भावजी," त्या म्हणाल्या. "आता सांगते. त्यांचा हात सुटला नव्हता. तार तुटली व्हती. दत्तूला सांगू नगं म्हनायचे, त्यो भितरा हाय, जल्मभर सपनात पडत ऱ्हाईल. त्याला ठावं न्हाई म्हनून हासतोय, हासू दे, म्हनायचे."

त्याला ठाऊक नाही म्हणून... पंधरा वर्षं त्यानं मला या एका आधारावर माफ केलं होतं. तो दोर घेऊन मी निमूट उतरलो असतो तर कुणाला कळलं नसतं. मी म्हणालो, "वहिनी, मला ठाऊक होतं. मी तार पाहिली होती."

त्यांनी माझ्यापुढे धरलेला दोर मागे घेतला. मग म्हणाल्या, "त्यांना कळलं न्हाई, ते बरं झालं." आणि दोर पुन्हा खुंटीला अडकवला.

तो तिथेच हवा. मला तो मागायचा हक्क नाही. पण आंदर मावळात हे कुणी वाचत असेल, तर गेनूच्या बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला वाचून दाखवा: त्याचा हात सुटला नव्हता.

गेल्या रविवारी तो चित्रपट पुन्हा लागला होता. मी एकटाच गेलो. हिसका आला, सगळं थिएटर हसलं. आजवर मी तिथे स्वतःलाच बघत आलो, झूल तोंडावर घेऊन लोंबकळणाऱ्या त्या माणसाला. या वेळी मी दोराबरोबर वर बघत गेलो. दोर पडद्याच्या वरच्या कडेपाशी संपतो. तिथून पुढे काही दिसत नाही. तिथे गेनू आहे, टाचा रोवून बसलेला.